सायलेन्सरवरची ऊब: फेअरबँक्स ते बेटल्स

पहिला दिवस, फेअरबँक्स

विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि नाकातले केस काड्यांसारखे ताठ झाले. उणे 34. सिअॅटलहून निघाले तेव्हा तिथे पाऊस होता आणि 8 अंश तापमान. पावणेचार तासांत 42 अंशांचा फरक. दादाने मिठी मारायच्या आधी हातातला पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, पुढे केला. "आधी हा घाल."

दादा माझा मावसभाऊ. बावीस वर्षं अलास्कात शिकवतोय, आणि त्यातली पंधरा वर्षं स्वतःचं छोटं विमान चालवतोय. सेसना 182, चार आसनी, वयाने माझ्याहून मोठं. माझ्याकडे खाजगी वैमानिकाचं लायसन्स येऊन तीन वर्षं झाली, पण माझं सगळं उडणं वॉशिंग्टन राज्यातल्या सौम्य हवेतलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांनी उत्तरेकडच्या बेटल्स या छोट्या गावाला जायचं, दोन रात्री राहायचं, ध्रुवीय प्रकाश बघायचा आणि परत यायचं, एवढाच बेत होता. फोनवर त्याने एकच अट घातली होती. "विमान चालवणं तेच आहे गं. थंडीत विमानात बसणं वेगळं आहे. ते आधी शीक."

शिकवणी घरी पोचताच सुरू झाली. वहिनींनी दिवाणखान्यात जमिनीवर कपडे मांडून ठेवले होते, लग्नाच्या रुखवतासारखे. अंगाला लागून पातळ मेरिनो लोकर, त्यावर जाड लोकर, त्यावर पिसं भरलेलं जाकीट, सगळ्यांवर वारा अडवणारा पार्का. सुती काही नाही, बनियनसुद्धा नाही. घाम आला की सुती कापड ओलं राहतं आणि ती ओल अंगातली ऊब शोषत बसते. पायात पांढरे, फुगीर, लष्करी रबरी बूट. इथे त्यांना बनी बूट म्हणतात. त्यांच्या भिंतीत लोकरीचा थर रबरात बंद केलेला असतो आणि घोट्याजवळ एक पितळी झडप असते. विमानात बसायच्या आधी ती उघडायची. नाही उघडली तर वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, आतली कोंडलेली हवा फुगते आणि बुटाचे थर सुटतात.

मी येताना दुकानातून तंबूत वापरायचा छोटा गॅस हीटर आणला होता. मागच्या सीटवर पाय गारठले तर उपयोगी पडेल म्हणून. दादाने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. "तंबूतसुद्धा हा लावून झोपायचं नसतं. विमानात ज्योत पेटवायचीच नाही. आधी आग. ती नाही लागली तर हा आपला ऑक्सिजन खातो, कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि वाफ सोडतो ती काचेवर बर्फ होऊन बसते." हातमोज्यांत ठेवायच्या लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या मात्र त्याने स्वतःहून दिल्या. त्या गंजून तापतात, ज्योत नाही. पण त्याही दोन थरांच्या मध्ये ठेवायच्या, थेट कातडीवर नाही. गारठलेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही.

मग तो डिकीत जायचं सामान मोजायला बसला. अलास्कात हे मनावर नसतं, वर्षानुवर्षं कायद्यातच यादी होती: प्रत्येक माणसाला आठवडाभर पुरेल एवढं खाणं, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, मासे पकडायचं साहित्य, सुरी, आग पेटवायचं साधन, डासांची जाळी, इशारा देण्याची दोन साधनं. शिवाय 15 ऑक्टोबर ते 1 एप्रिल या काळात बर्फावर चालायची पादत्राणं, एक स्लीपिंग बॅग, आणि चारापेक्षा जास्त माणसं असतील तर चारावरच्या प्रत्येकाला एक लोकरीचं कांबळं. दादा दोन बॅगा घेतो आणि वर कांबळं. पण इथल्या वैमानिकांचा खरा भरवसा अंगावरच्या कपड्यांवर. अपघात झाला, आग लागली, तर उडी मारून बाहेर पडताना डिकी उघडायला वेळ मिळेलच असं नाही. "अंगावर आहे ते तुझं. डिकीत आहे ते विमानाचं," दादा म्हणाला. म्हणून काडेपेटी, सुरी, टॉर्च आणि सॅटेलाइट मेसेंजर पार्क्याच्या खिशात.

जेवणानंतर मी विचारलं, विमानात हीटर आहेच ना, मग एवढं सगळं कशाला? त्यावर त्याने कागदावर चित्र काढून जे सांगितलं, ते लायसन्सच्या अभ्यासात मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि पोटात गेलेलं यात फरक असतो.

मोटारीचं इंजिन पाण्याने थंड होतं. त्या गरम पाण्यावरून हवा फिरवली की गाडीत ऊब येते. विमानाचं हे इंजिन हवेने थंड होतं, त्याला रेडिएटर नाही, गरम पाणी नाही. मग ऊब आणायची कुठून? धुराड्यातून. ज्याला आपण मोटारसायकलचा सायलेन्सर म्हणतो त्याच्याभोवती पत्र्याचं एक वेष्टण असतं. बाहेरची हवा नाकाकडून आत शिरते, सायलेन्सर आणि वेष्टण यांच्या मधून तापत जाते आणि इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीतल्या झडपेतून आपल्या पायांवर येते. आत जळका वायू, बाहेर आपण घेणार तो श्वास, आणि मध्ये फक्त स्टीलचा पातळ पत्रा. तो पत्रा प्रत्येक उड्डाणात लाल होण्याइतका तापतो आणि उतरल्यावर उणे 30 मध्ये गार होतो. वर्षानुवर्षं. कधीतरी त्याला तडा जातो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. उंचीवर हवा आधीच विरळ, त्यात हा. डोकं जड होतं, मळमळतं, डोळे मिटायला लागतात. आणि थंडीतून उबेत आलेल्या माणसाला पेंग येण्यात गैर काय, असंच सगळ्यांना वाटतं.

आमच्या निफाडकडे थंडी म्हणजे 4-5 अंश. तेवढ्यातही द्राक्षं वाचवायला बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. पण मला आठवली ती आजीची शेगडी. मावशीच्या बाळंतपणात खोलीत निखारे असायचे आणि आजी दार कधीच पूर्ण लावू द्यायची नाही. वारा येतो म्हणून मावशी कुरकुर करायची. "फट राहू दे," एवढंच आजी म्हणायची. तिला त्या वायूचं नाव ठाऊक नव्हतं.

दुसरा दिवस, फेअरबँक्स ते बेटल्स

सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो, पण आम्ही सातलाच विमानापाशी होतो. विमानाचं नाक रजईत गुंडाळलेलं, पंखांवर कापडी खोळी, आणि नाकातून एक वायर खांबावरच्या प्लगला गेलेली. इंजिनाच्या सिलिंडरना आणि तेलाच्या टाकीला चिकटवलेले विजेचे हीटर रात्रभर चालू होते. उणे 34 मध्ये इंजिनाचं तेल काकवीसारखं होतं. तसंच सुरू केलं तर पहिल्या मिनिटात जी झीज होते ती शेकडो तासांच्या उड्डाणात होत नाही, असं दादाचं म्हणणं.

केबिन गरम करायला दादाने विजेचा लहान पंख्याचा हीटर आत ठेवला, सीटच्या कापडापासून लांब, पत्र्याच्या ट्रेवर. आणि तो चालू असेपर्यंत जागचा हलला नाही. हीटर लावून लोक कॉफी प्यायला जातात आणि येऊन बघतात तर विमानाच्या जागी कोळसा, असं इथे घडलेलं आहे. अर्ध्या तासात आसनांचा दगडीपणा गेला. थंडीत भिजलेल्या आसनावर बसलं की लोकरीच्या तीन थरांमधूनही मांड्या बधिर होतात, हे मी आधी तपासायला बसून पाहिलं होतं.

कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर दादाने पार्क्याच्या आतल्या खिशातून काढला आणि डॅशबोर्डला लावला. तो रात्री विमानात ठेवायचा नाही. गारठला की त्यातला सेन्सर आणि बॅटरी दोन्ही सुस्तावतात. आकडा दाखवणारा, ओरडणारा डिटेक्टर. बऱ्याच विमानांत अजून स्टिकरसारखी एक चकती असते, तिच्यातला ठिपका वायूने काळा पडतो. पण ठिपक्याकडे बघायचं भान असायला हवं, आणि या वायूने सगळ्यात आधी तेच जातं. घरातला डिटेक्टरही चालत नाही. तो 70 पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग वायू असतानाही, तास-तासभर गप्प राहू शकतो, कारण खोटे गजर नकोत म्हणून त्याला तसं बनवलेलं असतं. विमानाच्या केबिनसाठी अमेरिकी नियमांतली मर्यादाच मुळी 20,000 भागांत एक, म्हणजे 50 पीपीएम.

दादाने हा विकत घेतला 2019 च्या फेब्रुवारीत. त्याच्या महिनाभर आधी, 21 जानेवारीला, अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या छोट्या पायपर मालिबूतून फ्रान्सहून कार्डिफला चालला होता, ते विमान इंग्लिश खाडीत पडलं. त्याच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं निघालं, हे त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं. दादाने तोवर वाट पाहिली नव्हती. हिवाळ्यात छोटं विमान पडलं म्हटल्यावर त्याच्या मनात पहिला संशय तोच आला.

पंखांवरच्या खोळी काढल्या, राहिलेलं हिम झाडून बोटाने चाचपून पाहिलं, आणि साडेनऊला इंजिन सुरू केलं. विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेताना पाठीमागून वारा होता. डिटेक्टरवर 9 दिसलं. "मागचा वारा धूर आत ढकलतो," दादा म्हणाला. उड्डाण झालं, चढताना 6 झालं, मग 4, मग शून्य. मी वहीत लिहून ठेवलं आणि विसरून गेले.

चढताना एक नवल घडलं. बाहेरचं तापमान वर जायला लागलं. उणे 34, उणे 27, आणि 3,500 फुटांवर उणे 17. फेअरबँक्सच्या खोऱ्यात थंड हवा तळाला साचते, वाडग्यात दूध साचावं तशी, आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. अशा दिवशी डोंगरावरची घरं गावापेक्षा बरीच गरम असतात.

बेटल्स 290 किलोमीटरवर, साधारण सव्वा तास. खाली आधी टेकड्या, मग अलास्काची तेलवाहिनी बर्फावर टाकलेल्या दोरीसारखी, मग गोठलेली युकॉन नदी. आत मात्र दोन ऋतू होते. माझ्या उजव्या पायावर गरम हवेचा झोत, इतका की बूट तापला. आणि दाराच्या फटीतून खांद्याला सुरीसारखा वारा. मागच्या आसनावर ठेवलेली पाण्याची बाटली गोठून गेली. हे सगळ्या छोट्या विमानांत असंच. पुढे उन्हाळा, मागे हिवाळा. त्यामुळे मागे कुणी बसणार असेल तर पांघरूण पुढच्याला नाही, मागच्याला द्यायचं.

मला जाकीट काढावंसं वाटत होतं. दादाने नुसती मान हलवली. हीटरची मूठ थोडी आत ढकलली आणि ताज्या हवेची थोडी बाहेर ओढली. दोन्ही एकत्र उघड्या ठेवल्या की ऊब मागेही जाते आणि हवा खेळती राहते. आजीच्या दाराची फट.

तिसरा दिवस, बेटल्स

बेटल्स आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला, कोयुकुक नदीच्या काठी. मूठभर माणसं, एक खडीची धावपट्टी, एक लॉज, गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानाचं कार्यालय. दिवसा आम्ही नदीवर चाललो. रात्री अकराला आकाश हिरवं झालं आणि दीडपर्यंत तसंच राहिलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझ्याकडे शब्द नाहीत. मान दुखेपर्यंत बघत राहिलो.

इथून जवळच, प्रॉस्पेक्ट क्रीकला, 23 जानेवारी 1971 रोजी उणे 62.2 अंश नोंदलं गेलं. अमेरिकेतला आजवरचा नीचांक. आमच्या नशिबी उणे 31 होतं, आणि लॉजवाल्यांनी विमानासाठी प्लग दिला होता.

संध्याकाळी शेगडीपाशी बसून दादा जुन्या वैमानिकांबद्दल सांगत होता. 21 फेब्रुवारी 1924 ला बेन आयलसन फेअरबँक्सहून मॅकग्राथला टपाल घेऊन गेला, अलास्कातलं हवाई टपालाचं पहिलं उड्डाण. कुत्र्यांच्या घसरगाडीला जे अंतर कापायला अडीच-तीन आठवडे लागत, ते त्याने तीन तासांच्या आत कापलं, उघड्या कॉकपिटमध्ये बसून. त्याच्याकडे हीटर नव्हताच. होते ते लोकरीचे मोजे, त्यावर कॅरिबूच्या कातड्याचे मोजे, उंच मोकॅसिन, म्हणजे मऊ कातड्याचे बूट, आणि रेनडिअरच्या कातड्याचा सैल पार्का. पुढे बंद केबिनची विमानं आली तरी रात्रीची रीत तीच राहिली: उतरल्या उतरल्या इंजिनातलं तेल डब्यात काढून घ्यायचं, डबा चुलीजवळ ठेवून झोपायचं, सकाळी तेल तापवून परत ओतायचं. इंजिनावर ताडपत्रीचा तंबू करून खाली स्टोव्ह पेटवायचा आणि हातात आग विझवायचं साधन धरून तंबूत बसून राहायचं. त्यात कितीतरी विमानं जळली. आयलसन स्वतः 1929 मध्ये सैबेरियाच्या किनाऱ्यावर वादळात गेला.

मला त्यांचं सैल पार्क्याचं शहाणपण फार पटलं. घट्ट कपडा उबदार नसतो. ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते.

चौथा दिवस, बेटल्स ते बेटल्स

अकराच्या सुमाराला निघालो. हवा स्वच्छ, वारा नाही. 4,500 फुटांवर उणे 18. मी डाव्या आसनावर होते, विमान मीच चालवत होते. हीटर पूर्ण ओढलेला. मला फार छान वाटत होतं. पाय ऊबदार, ऊन डोळ्यांवर, खाली पांढरं शुभ्र सगळं. कपाळात बारीकसं ठणकत होतं. सकाळी घाईत चहा अर्धाच घेतला होता, त्याचं असेल असं वाटलं.

उड्डाणाला अठरा मिनिटं झाली आणि डिटेक्टर ओरडला.

पहिल्या क्षणी मला कळलंच नाही की हा आवाज कसला. मी इंजिनाचे काटे बघत होते. दादाचा हात माझ्यासमोरून गेला आणि हीटरची मूठ आत. आकडा 58. दुसरी मूठ, ताज्या हवेची, पूर्ण बाहेर. मग त्याने वर हात करून पंखाच्या मुळाशी असलेल्या दोन्ही हवेच्या नळ्या खेचल्या, आणि उणे 18 ची हवा थेट तोंडावर आली. आकडा 74.

"मी घेतो."

"घे."

त्याने विमान हळूच वळवलं. बेटल्स वीस मिनिटांवर, फेअरबँक्स तासाभराच्या अंतरावर. मध्ये धावपट्ट्या आहेत, पण तिथे ऊब नाही, माणूस नाही. इंधनाचं मिश्रण त्याने थोडं पातळ केलं. इंधन जास्त आणि हवा कमी असली की धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. आमच्याकडे ऑक्सिजनची नळी नव्हती. असती तर ती लगेच लावायची.

71. 52. 38. आकड्यावरून माझी नजर हलत नव्हती. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो 11 झाला, मग 3. तोवर खिडकी उघडायची वेळ आली नाही. हात हँडलवर होता.

वायू गेला आणि दुसरी अडचण पुढे आली, जिचा मी विचार केला नव्हता. समोरच्या काचेवरचं दव घालवणारी हवा त्याच हीटरची. तो बंद म्हणजे तीही बंद. काचेच्या कडांवरून बर्फाची नक्षी आत सरकायला लागली. दोघांच्या श्वासातली वाफ. "मान खाली, श्वास पार्क्यात सोड," दादा म्हणाला. मी गळ्यातली लोकरीची पट्टी नाकावर ओढली आणि हनुवटी छातीला लावली. गळ्यातला मफलर मी आयुष्यभर थंडीसाठी बांधलाय, काच दिसावी म्हणून पहिल्यांदा. लोकरीच्या हातमोज्याने मी दादाच्या समोरचा ताटाएवढा भाग चोळत राहिले. नखाने किंवा कार्डाने खरवडायचं नाही, ती काच नसून प्लास्टिक असतं, चरे पडतात. ताटाएवढी जागा स्वच्छ राहिली. तेवढ्यातून धावपट्टी दिसली.

या वीस मिनिटांत थंडी वाजली का? बोटं दुखली, गालांना काही कळेनासं झालं. पण धड, मांड्या, पाय कोरडे आणि उबदार होते. मागून ओढून घेतलेलं कांबळं मी फक्त माझ्या गुडघ्यांवर टाकलं. दादाच्या मांडीवर काही नाही. पांघरूण पेडलमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये अडकलं तर तो नवा अपघात. परवा मी जाकीट काढलं असतं, आजही काढून बसले असते, तर हे वाचताना तुम्हाला वेगळं काही वाचावं लागलं असतं. दादा हीटर बंद करायला क्षणभरही अडला नाही, कारण हीटर बंद झाल्याने आम्ही गारठून मरणार नव्हतो. ज्याच्या अंगावर पातळ जाकीट असतं, तो माणूस डोकं दुखत असतानाही ती मूठ आत ढकलत नाही. "थोडा वेळ बघू" म्हणतो.

लॉजवर कुणीतरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं. 97 टक्के. मी सुटकेचा श्वास सोडला. दादाने यंत्र काढून ठेवलं. "याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही. दोन्हीने रक्त लालच दिसतं त्याला." गावातल्या दवाखान्यातल्या बाईंनी तासभर मास्क लावून ऑक्सिजन दिला. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात. माझं डोकं संध्याकाळपर्यंत दुखत होतं.

रात्री मी वही उघडली. परवाचे आकडे: 9, 6, 4, शून्य. नऊला मागचा वारा होता. पण चढताना वारा समोरून असतो. सहा आणि चार कुठून आले? दादाने वही बघितली आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे मला दिसायला हवं होतं." मलाही. तडा तेव्हाच होता, बारीक. दोन थंड रात्रींनी तो उघडला.

1982 ते 2020 या काळात अमेरिकेत कार्बन मोनॉक्साइडमुळे झालेले छोट्या विमानांचे 31 अपघात तिथल्या अपघात तपास मंडळाने मोजले. त्यातले 23 जीवघेणे, 42 माणसं गेली. त्या 31 विमानांपैकी फक्त एकात डिटेक्टर सापडला, आणि तोही आवाज करणारा नव्हता. मंडळाने 2022 च्या जानेवारीत अशा सगळ्या विमानांत डिटेक्टर सक्तीचा करावा अशी शिफारस केली. आणि 2017 च्या फेब्रुवारीत मिनेसोटातला एक वैमानिक डुलुथहून एकटा निघाला, ऑटोपायलट लावला आणि बेशुद्ध झाला. इंधन संपेपर्यंत विमान उडत राहिलं आणि बर्फाळ शेतात आपोआप टेकलं. तो वाचला. अशी शेतं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. डिटेक्टरची किंमत एका तासाच्या उड्डाणाच्या खर्चाइतकी असते. यावर वाद का घालावा लागतो, हे मला खरंच समजत नाही.

पाचवा दिवस, बेटल्स ते फेअरबँक्स

दादाचं विमान प्लगला लावून तिथेच सोडलं. आम्ही रोजच्या फेरीच्या सेसना कॅरॅव्हॅनने परत आलो. नऊ माणसं, टपालाच्या गोणी, कुणाचं तरी पिल्लू. केबिन सगळीकडे सारखी उबदार, अगदी मागच्या रांगेतसुद्धा. या विमानाचं इंजिन टर्बाइन आहे. त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली की ती आपोआप तापते, आणि इंधन जळायच्या आधीच त्यातली थोडी केबिनकडे वळवतात. धुराशी तिचा संबंध येत नाही. तरी मी डिटेक्टर मांडीवर घेऊन बसले होते. तासभर शून्य. शेजारच्या आजींनी विचारलं हे काय आहे, मी सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि पार्क्याची चेन गळ्यापर्यंत ओढली. पूर्ण प्रवासात त्यांनी ती उघडली नाही.

वहिनी विमानतळावर आल्या होत्या. त्यांना दादाने सॅटेलाइट मेसेंजरवरून एवढंच कळवलं होतं, "परत बेटल्सला, दोघं ठीक." त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. म्हणाल्या, "जेवायला पिठलं केलंय."

चार दिवसांनी दादाचा मेकॅनिक नवा सायलेन्सर घेऊन बेटल्सला गेला. सायलेन्सरभोवतीचं वेष्टण काढलं, व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू धुराड्याच्या तोंडाला लावली आणि वरून साबणाचं कोमट पाणी शिंपडलं. त्याने पाठवलेला व्हिडिओ मी सिअॅटलला ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पाहिला. पत्र्याच्या जोडावर, खालच्या अंगाला, जिथे आरसा धरल्याशिवाय दिसत नाही, तिथे फिकट राखाडी भुकटीचा एक ओघळ. त्याच्या मधून केसासारखी रेघ, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. आणि त्या रेघेवर एकामागून एक, ओळीने, साबणाचे बुडबुडे उगवत होते.